अक्का, तुझा प्रोसेसर आला

अक्का, तुझं मशीन तयार झालं.

परवा दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि एकट्यानंच जोडायला बसलो. प्रोसेसर सॉकेटात बसवला, त्यावर पंखा आवळला, मेमरीच्या पट्ट्या दाबल्या, आणि पहिल्याच झटक्यात स्क्रीनवर अक्षरं उमटली. एरवी असं झालं की मी खुशीत चहा सांगतो. परवा सांगितला नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तुझा दहावा होऊन गेला, आणि ज्याच्यासाठी तू दोन वर्षं माझ्या दुकानाची पायरी झिजवलीस ते मशीन आता टेबलावर दिवा लावून बसलंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘आता कशाला रे?’ मला खरंच माहीत नाही. हात रिकामे राहिले की डोकं खायला उठतं, म्हणून जोडलं.

सात रस्त्यावरच्या माझ्या या दुकानात तू पहिल्यांदा आलीस तो दिवस मला आठवतो. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, केसांत गजरा, हातात कसलातरी डबा. कुणाच्या तरी डोहाळजेवणातून थेट इकडं आली होतीस. मी सवयीनं अहो-जाहो करायला लागलो तर म्हणालीस, ‘तुमी काय म्हनायलास रे? मी काय शाळंतली बाई हाय? सगळे अक्का म्हनत्यात, तू बी म्हन.’ आणि डबा उघडून माझ्यापुढं सरकवलास. त्यात निम्मा लिंबूभात आणि निम्मा नारळीभात होता. वेळापूरला माझ्या सख्ख्या बहिणी आहेत, पण सोलापुरात हक्कानं शिव्या देणारी तू एकटीच भेटलीस.

पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या घरातली तू. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि भांडायचं असलं की दोन्ही. लग्नाचं शूटिंग तू कधी घेतलं नाहीस. फक्त बायकांचे कार्यक्रम: डोहाळजेवण, ओटीभरण, बारसं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणालीस, ‘बाप्या मानूस कॅमेरा घिऊन उभा राह्यला की बायका पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारक्या बसत्यात. माज्यापुढं नाचत्यात.’ ते खरंच होतं. तू केलेली शूटिंग मी दुकानात पाहिलीयत. त्यातल्या सासवासुद्धा नाचायच्या.

तुला प्रोसेसर समजून घ्यायचा होता. ‘ह्यो डबा नेमकं काय करतो ते सांग, मग पैशाचं बोलू.’ मी माझं नेहमीचं पुराण लावलं. प्रोसेसरच्या आत कोअर असतात, म्हणजे काम करणारे हात समज. फोटोचं काम थोड्याच हातांत होतं, पण ते हात चपळ लागतात. व्हिडिओ तयार करून बाहेर काढायचा तर जितके हात जास्त तितकं बरं. तू मला मध्येच थांबवलंस. ‘कळलं. एका चादरीला एकच माग लागतो. धा माग असले म्हनून ती एक चादर लवकर उतरत न्हाय. पन धा चादरी काढायच्या तर धा माग पायजेत.’ तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तुझीच चादर सांगत आलो, आणि ती तुझी आहे हे एकालाही सांगितलं नाही.

तू मात्र माझं नाव सगळीकडं सांगायचीस. सोलापुरातले निम्मे फोटोवाले माझ्याकडं तू धाडलेस. ‘दत्ताकडं जावा. त्यो गरज नसंल तर नको म्हनतो.’ आणि मी म्हणायचोच. लगीनसराईच्या तोंडावर बाकीचे दुकानदार पडून राहिलेला माल फोटोवाल्यांच्या गळ्यात मारतात, मी म्हणायचो, थांबा, दोन महिन्यांत नवा येतोय, आता पैसे घालू नका. लोकांना वाटायचं, काय हा देवमाणूस, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतो. हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं. तू तर मला थांबशास्त्री म्हणायचीस. मी ते कौतुक समजून खिशात घालायचो.

मग तुझ्या श्रावणीला दिवस गेले.

दुसऱ्यांच्या लेकींची डोहाळजेवणं तू आयुष्यभर शूट केलीस, आता घरातलं आलं. तू नवा कॅमेरा घेतलास. मी म्हटलं, अगं आधी मशीन बघ, हा कॅमेरा तुझ्या जुन्या कॉम्प्युटरला झेपायचा नाही. तू म्हणालीस, ‘लेकीचं डोहाळजेवन थांबतंय व्हय रे? मशीन मागनं घिऊ.’ आणि तसंच झालं. फुलांची वाडी घातलेली श्रावणी, झोपाळा, ओटी, सगळं त्या कॅमेऱ्यात उतरलं आणि तुझ्या घरच्या कॉम्प्युटरनं हात वर केले. या नव्या कॅमेऱ्यांतलं चित्र इतकं घट्ट बांधलेलं असतं की ते सोडवायची सोय प्रोसेसरच्या आतच असावी लागते. तुझ्या जुन्या प्रोसेसरात ती नव्हती. दोन वाट्यांचा खेळ आला की तो थिजायचा. एका वाटीखाली पेढा, एकीखाली बर्फी, पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी. श्रावणी हात पुढं करायची, वाटीवर ठेवायची, आणि चित्र तिथंच.

तू दुकानात येऊन कपाळाला हात लावून बसलीस. ‘दत्ता, माजी लेक वाटीवर हात ठिवून बसलीया रे. तिला उचलू दे की.’

आणि त्या दिवशी, अक्का, तसा प्रोसेसर माझ्या कपाटात होता. मी तो डबा काढून तुझ्या हातात दिलासुद्धा. तू तो उलटासुलटा करून पाहिलास, ‘ह्योच का?’ म्हणालीस. ‘हाच’ म्हणून मी गप्प बसलो असतो तर संध्याकाळपर्यंत तुझं मशीन जोडून झालं असतं. पण मी गप्प बसणारा नव्हे. मी म्हणालो, ‘हाय तसा हाच. पन अक्का, हे सॉकेट आता बंद पडनार. उद्या तुला मोठा प्रोसेसर घालायचा म्हटलं तर मदरबोर्डबी बदलावा लागंल. प्रोसेसरची नवी पिढी येतीया, थांब की जरा.’

‘मला पुढं वाढवायचं न्हाय रे,’ तू म्हणालीस. ‘मला आत्ता कापायचंय.’

एडिटिंगला तू कापणंच म्हणायचीस. मी हसलो आणि डबा परत कपाटात ठेवला.

त्यानंतर तुझ्या माझ्यात जे चाललं त्याला भांडण म्हणावं की खेळ, मला आजही ठरवता येत नाही. नवी पिढी आली तेव्हा मी म्हणालो, पहिली खेप घ्यायची नसते, तिचे दोष दुसऱ्यांना सोसू दे. दुसरी खेप आली तोवर मेमरीचे भाव आभाळाला भिडले होते, तेव्हा म्हणालो, उतरू देत. तू मध्येच एकदा रिक्षाच्या पाठीमागं वाचून आलीस आणि दारातनंच ओरडलीस, ‘ऐक शास्त्रीबुवा, थांबला तो संपला!’ दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. आता त्या रिक्षा चौकात दिसल्या की मी दुसरीकडं बघतो.

मी तुला एक तोडगा दिला होता, ते तरी धर. म्हटलं, व्हिडिओची हलकी प्रत काढ, तिच्यावर काप, शेवटी मूळ चित्र जोडून घे. जुन्या मशीनवरही चाललं असतं. तू करून पाहिलंस आणि दोन दिवसांत परत आलीस. ‘त्यात तिचं तोंड धूसर दिसतंय. दुसऱ्याच्या पोरीचं असतं तर कापलं असतं. माज्या लेकीचं तोंड बघत बघत कापायचंय मला.’ मी म्हणालो, अगं शेवटी सगळं स्वच्छच होतं, कापताना काय फरक पडतो? तू माझ्याकडं असं पाहिलंस, जणू मी तुला विचारलं की जेवताना चव कशाला लागते. तो वाद तिथंच राहिला. तुझं बरोबर होतं, हे मी तुला कधी म्हणालो नाही.

मग श्रावणीला मुलगी झाली. तिचं बारसं झालं. ती रांगायला लागली, आणि तुझ्या कॉम्प्युटरवर तिची आई अजून वाटीवर हात ठेवून बसलेलीच होती.

शेवटची आलीस तेव्हा दुपार होती. तू बारीक झाली होतीस. गालफडं बसली होती, ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या होत्या. हे सगळं मला दिसलं, अक्का. मी आंधळा नव्हतो. मला दिसलं आणि मी काय म्हणालो? ‘काय अक्का, डाएट का काय? आता डोहाळजेवनात जेवायला घालत न्हाईत वाटतं.’ तू म्हणालीस, ‘व्हय की, हिरोईन व्हायचंय.’ आणि स्टुलावर बसलीस ती बराच वेळ उठली नाहीस.

उठताना म्हणालीस, ‘दत्ता, दुकानात जे तयार आसंल ते दे.’

तयार होतं ते एका किराणा दुकानाच्या बिलांसाठी बांधलेलं होतं. म्हटलं, ‘ते तुझ्या कामाचं न्हाई.’

‘मग कामाचं जे हाय त्यातलं सादं दे. वरीसभर चाललं तरी बास.’

‘वर्षभरासाठी कोन मशीन घेतं का अक्का? घ्यायचं तर आठ-धा वर्षांचं घ्यावं. मेमरी उतरली की मीच फोन करतो.’

तू माझ्याकडं पाहून हसलीस. ‘अति शहाना त्याचा बैल रिकामा,’ म्हणालीस, पिशवी उचललीस आणि पायऱ्या उतरलीस. सावकाश उतरलीस, एकेका पायरीवर थांबत. मी काउंटरच्या आत होतो. मला बाहेर यायला काय झालं होतं?

मी फोन केला नाही. मेमरी उतरली नव्हती ना.

दहाव्याला श्रावणीच्या वडिलांनी, अंबादास भाऊजींनी, मला बाजूला नेलं. तुला माहितीय त्यांचं, चार शब्दांत बोलतात. म्हणाले, डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं, फार दिवस नाहीत. तू त्यांना आणि श्रावणीला बजावलं होतंस की बाहेर कुणाला कळता कामा नये. मी म्हणालो, का पण? ते म्हणाले, ‘शुभकार्यात आजारी बाईला कोन बोलावतंय, दत्ता? पोटुशी पोरगी समोर बसलेली. लोक तोंडावर काय बोलले नसते, पन बोलावलंबी नसतं. तिला शेवटपत्तोर काम करायचं हुतं.’

मी विचारलं, मला तरी सांगायचं. मी काय कुणाला बोललो असतो?

ते म्हणाले, ‘मी म्हनलं हुतं तिला. तर म्हनली, दत्ताला तर आजिबात नको. त्याला कळलं तर दुसऱ्या कुनाचं तरी बांधलेलं मशीन उचलून मला आनून दील, आन् त्याचं गिऱ्हाईक तुटंल.’

इथं मला तुझा राग येतो, अक्का. येतो तर येतो, तुझ्यापासून लपवून काय करू? माझ्या गिऱ्हाइकाची काळजी तुला कुणी करायला सांगितली होती? आणि सोलापुरात काय मी एकटाच कॉम्प्युटरवाला? स्टेशनकडं जा, नवी पेठेत जा, दहा दुकानं आहेत. कुणीही तुला हसत हसत विकलं असतं. जुना माल का होईना, दिला असता, आणि तुझं काम झालं असतं. भाऊजींना मी हेही विचारलं. ते म्हणाले, ‘मी नेत हुतो तिला. म्हनली, दत्ता थांब म्हनतोय म्हंजे त्यात कायतरी आसंल.’ काही नव्हतं ग त्यात. माझा शहाणपणा होता.

राग तुझ्यावर काढून झाला की तो फिरून घरीच येतो. लुबाडणाऱ्या दुकानदारानं तुला जे दिलं असतं ते माझ्या प्रामाणिकपणानं दिलं नाही. मी तुला फसवलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं, आणि असं वाटावं याचीही लाज वाटते.

परवा मशीन जोडताना मी आधी नवा प्रोसेसर बसवला. ज्याच्यासाठी तुला ताटकळत ठेवलं तो. भाऊजींकडून तुझी हार्ड डिस्क आणली होती, तिच्यातला वाट्यांचा भाग लावला. लोण्यासारखा चालला. मग बाजूला दुसरं मशीन मांडलं आणि त्यात तो जुना प्रोसेसर बसवला, त्या दिवशी तुझ्या हातात देऊन परत ठेवलेला. कपाटातच पडून होता, कुणी घेतला नव्हता. तोच भाग लावला. तसाच चालला, अक्का. मी मागं-पुढं करून पाहिलं, दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवून पाहिलं. तुझ्या कामापुरता काहीही फरक नाही. मी पंखे बंद केले आणि बराच वेळ काउंटरवर डोकं टेकून बसलो.

शेवटी तुझ्या मशीनमध्ये तो जुनाच घातला. तू हातात धरून पाहिला होतास म्हणून.

काल श्रावणी आली. कडेवर पोरगी. मला मामा म्हणते, ते तूच शिकवलंस. म्हणाली, ‘मामा, लावा की. मी अजून पाह्यलं न्हाय.’ मी लावलं आणि बाजूला झालो. तिनं वाटी उचलली. बर्फी निघाली. बायकांनी एकच गिल्ला केला, आणि त्या गिल्ल्यातनं, अगदी जवळून, तू बोललीस.

मी ते आधी नीट ऐकलंच नव्हतं. दोन्ही वेळा मी चित्र अडकतंय का तेवढंच पाहत होतो. आवाज बारीक करून. काल मोठा होता. सबंध शूटिंगभर तू बोलतेयस. ‘मावशी, डोस्कं खाली घ्या की, माजी लेक दिसंना झालीया.’ ‘श्रावणी, इटु चूडु, इकडं बघ.’ ‘आगं पदर.’ ‘हास की ग, आईला घाबरतीस व्हय?’ बर्फी निघाली तेव्हा कॅमेरा हलला. कॅमेरा हलवणाऱ्या पोरांना तू केवढ्या शिव्या घालायचीस! तो हलला, खाली गेला, कुणाच्यातरी जोडव्यांवर जाऊन थांबला, आणि तू नाक ओढल्याचा आवाज आला.

श्रावणीनं पोरीला स्क्रीनपुढं धरलं. ‘बघ, अम्मम्मा, तुजी आजी बोलतीया.’ पोरगी स्क्रीनच्या मागं वाकून शोधायला लागली.

मग श्रावणी मला म्हणाली, ‘मामा, हे कुनाला कापायला देऊ नका. हाय असंच ऱ्हाऊ दे. आईनं कापलं असतं तर पैला सोताचा आवाज काढला असता. कुठल्याच शूटिंगमदी ती ठेवायची न्हाय. गानं घालून मोकळी व्हायची.’ पोरीला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, ‘मशीन उशिरा झालं ते एका परीनं बरंच झालं बगा. न्हायतर आईचा आवाज आज कुटनं आला असता?’

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसत असणार, म्हणून ती बोलली. तुझीच लेक ती. अक्का, खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला असं हलकं वाटलं, की वाटलं तिच्या पाया पडावं. डोळे पुसून मी चहा सांगायला उठलोही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच चहाची इच्छा झाली होती.

पण शूटिंग संपलं नव्हतं. कार्यक्रम झाल्यावर तू कॅमेरा खुर्चीवर ठेवलास आणि बंद करायला विसरलीस. चित्रात नुसता हॉलचा पंखा फिरत होता. खाली भांडी आवरल्याचे आवाज, पोरांची पळापळ. कुणीतरी बाई विचारत होती, ‘अक्का, कवा दावनार आमाला पिच्चर?’

आणि तू, थकलेली, एकदम खुशीत: ‘बारशाच्या आत. ह्यो मी एकटी कापनार, कुनाला हात लावू देनार न्हाय. आजपत्तोर लोकांच्या लेकींचं केलं, आता माज्या लेकीचं. बारशाला सगळ्यांनी या, मोठ्या पडद्यावर दावते.’

श्रावणी माझ्याकडं पाहत नव्हती. मी तिच्याकडं पाहत नव्हतो. पंखा फिरत राहिला, मग फाईल संपली.

पोरीनं मला माफ केलंय, अक्का. तिचा तो मोठेपणा. पण तू चार बायांच्या देखत शब्द दिला होतास आणि आयुष्यात एकाही घरचं काम तू उशिरा दिलं नव्हतंस. बारशाला त्या बाया आल्या असतील. त्यांनी विचारलं असेल. तेव्हा तू त्यांना काय सांगितलंस, कुणाचं नाव घेतलंस, हे मी श्रावणीला विचारणार होतो. विचारलं नाही. मला माहीत आहे, तू माझं नाव घेतलं नसशील.